छातीतली जळजळ : एका दुखण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया, तहनामे आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. शाळेत आम्ही तेच शिकवतो आणि परीक्षेत तेच विचारतो. पण माणसाच्या दुखण्यांनाही इतिहास असतो, आणि तो कधी कधी एखाद्या लढाईच्या इतिहासापेक्षा जास्त काही शिकवून जातो. एखादे दुखणे हजारो वर्षे माणसाला छळत असते. रोगी ते आपल्या शब्दांत सांगत असतो. तरीही ते नेमके कुठे आहे आणि कशाने होते, हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागतो. अशाच एका दुखण्याची हकीकत आज तुमच्यापुढे मांडायची आहे. ते दुखणे म्हणजे अन्ननलिकेचा दाह.

नाव अवघड वाटेल, पण ओळख जुनी आहे. जेवण करून आडवे झाले की छातीच्या मधोमध आग होते, आंबट पाणी घशाशी येते, करपट ढेकरा येतात. कुणी म्हणते, ‘पित्त झालंय’, कुणी म्हणते, ‘जळजळतंय’. आणि कधी कुणी म्हणते, ‘भाकरीचा घास इथं अडकतो’, आणि छातीवर बोट ठेवून जागा दाखवते. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी वैद्य नाही, इतिहासाचा अध्यापक आहे. औषध लिहून देणे हा माझा अधिकार नव्हे. पण माणसाला हे ज्ञान कसकसे होत गेले, हे सांगणे माझ्या कामात बसते. आणि त्या हकीकतीतून घरी उपयोगी पडेल असे पुष्कळ काही निघते.

प्रथम जागा पाहू. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका मोठ्या माणसात सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक लांब असते. ती श्वासनलिकेच्या मागून, हृदयाच्या मागून खाली उतरते, आणि छाती व पोट यांच्यामध्ये जो स्नायूंचा पडदा आहे, ज्याला श्वासपटल म्हणतात, त्यातील एका भोकातून जठराला मिळते. या मिळण्याच्या जागी स्नायूंचे एक कडे आहे. शेतात पाटाला जसे दारे असते, तसेच हे दारे समजा. घास आला की उघडायचे आणि घास गेला की मिटायचे. जठरात जे आम्ल तयार होते ते मोठे जहाल असते. जठराचे अस्तर ते सोसते, कारण निसर्गाने त्याची तशी सोय केलेली आहे. अन्ननलिकेच्या अस्तराला तशी सोय नाही. दारे नीट मिटले नाही आणि आम्ल वारंवार वर आले, तर ते अस्तर लाल होते, सुजते, सोलवटते आणि पुढे त्याला व्रण पडतात. यालाच दाह म्हणायचे.

आता हे सारे आपण एका दमात सांगून टाकतो. परंतु यातला प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या देशांत, कधी अपघाताने तर कधी चिकाटीने मिळवलेला आहे.

आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांना या दुखण्याची लक्षणे उत्तम ठाऊक होती. काश्यपसंहितेत अम्लपित्ताचा विचार आलेला आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या प्रसिद्ध ग्रंथात अम्लपित्ताचे वरच्या बाजूने जाणारे आणि खालच्या बाजूने जाणारे असे दोन प्रकार केलेले आहेत, आणि छाती व घसा यांची जळजळ, आंबट-कडू ढेकर, अन्नाची नावड ही लक्षणे तेथे सांगितली आहेत. आजचा अन्ननलिकादाह आणि त्या ग्रंथांतील अम्लपित्त या दोन गोष्टी तंतोतंत एकच आहेत असे म्हणणे बरोबर होणार नाही. दोहोंची मांडणी निराळी आहे. पण रोग्याचे म्हणणे त्या वैद्यांनी कान देऊन ऐकले होते, एवढे निश्चित.

पश्चिमेकडे काय होते? ग्रीक भाषेत हृदय आणि जठराचे तोंड या दोहोंना ‘कार्डिया’ हा एकच शब्द चालत असे. त्या गोंधळाची आठवण आजही उरली आहे. इंग्रजीत या जळजळीला ‘हार्टबर्न’, म्हणजे हृदयाची जळजळ म्हणतात. वास्तविक हृदयाचा तिच्याशी काही संबंध नाही. पण जागा एवढी शेजारची, की आजही शहाणीसुरती माणसे फसतात. ही फसगत दोन्ही बाजूंनी होते, आणि तिच्यापायी जीव जातात. त्याविषयी शेवटी बोलू.

पुढचा प्रश्न असा होता की पोटातले आंबट पाणी म्हणजे काय? अन्न पोटात दळले जाते, की शिजते, की विरघळते? फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७५२ साली पाळलेल्या घारीवर प्रयोग केला. घार न पचलेली वस्तू ओकून टाकते, हे त्याला ठाऊक होते. त्याने धातूच्या बारीक नळ्यांत मांस भरून घारीला गिळायला दिले. नळी बाहेर आली तेव्हा आतले मांस अर्धवट विरघळलेले होते. नळीच्या आत दळायला काही वाव नव्हता. म्हणजे पचन रसाने होते. तो रस आंबट का, याचे उत्तर १८२३ साली विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने दिले. जठरातले आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, असे त्याने दाखवून दिले.

आणि याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण प्रसंग घडला. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर, कातड्याच्या व्यापारात हमाली करणाऱ्या अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने त्याला वाचवले. पण जठराला पडलेले भोक मिटले नाही. डॉक्टरला जणू पोटाची खिडकीच सापडली! रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाकरीचे तुकडे बांधून तो आत सोडी आणि ठरावीक वेळाने ओढून पाही. अशा दोनशेहून अधिक प्रयोगांचे पुस्तक त्याने १८३३ साली छापले. राग आला, मन खट्टू झाले, तर पचन बिघडते, हेही त्याने टिपून ठेवले. विज्ञानाचा त्यात मोठा लाभ झाला खरा. पण ज्याच्या पोटावर हे प्रयोग झाले तो गरीब, निरक्षर मजूर पुढे कंटाळला. १८८० साली तो वारला तेव्हा डॉक्टरांनी प्रेत मागू नये म्हणून घरच्यांनी ते काही दिवस तसेच ठेवून मग खोल पुरले. ज्ञानाच्या इतिहासात अशा माणसांचे नाव तळटीपेत जाते. आपण ते मोठ्याने घेतले पाहिजे.

रस कळला; पण अन्ननलिका आतून कशी दिसते, हे जिवंतपणी कोणी पाहिले नव्हते. १८६८ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे अ‍ॅडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरने एक युक्ती केली. तलवार गिळण्याचा खेळ करणारा एक माणूस त्याने गाठला. सुमारे ४७ सेंटीमीटर लांबीची सरळ धातूची नळी त्या गड्याने मान मागे टाकून गिळून दाखवली. जत्रेतल्या खेळाडूच्या अंगची कला अशी शास्त्राच्या कामी आली. अडचण उजेडाची होती. मद्यार्क आणि टर्पेंटाइन जाळणाऱ्या दिव्याचा प्रकाश एवढ्या खोल धड पोचेना. नळी गेली, पण दिसावे तसे दिसेना.

१८७९ साली हाइनरिश क्विंके या जर्मन डॉक्टरने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पडलेल्या व्रणांचे वर्णन केले आणि ते जठराच्या रसाने झाले असावेत असे सांगितले. त्याचे म्हणणे बरोबर होते. पण असे व्रण फार दुर्मीळ, असे समजून वैद्यकशास्त्र पुढे निघून गेले. ज्या लाखो लोकांची छाती रोज रात्री जळत होती, त्यांच्या दुखण्याशी या व्रणांचे नाते कोणी जोडलेच नाही. त्यांना सांगितले जाई, ‘पोट बिघडलंय’, नाही तर ‘मनाची काळजी सोडा’.

इथे थोडे बाजूला वळून एका माणसाची आठवण करू. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेव्हॅलियर जॅक्सन यांनी घशातून नळी घालून आत पाहण्याची आणि अडकलेल्या वस्तू काढण्याची विद्या फार पुढे नेली. त्यांच्याकडे अशी मुले येत, की ज्यांनी घरातला दाहक सोडा साखर समजून खाल्लेला असे. अन्ननलिका आतून भाजून निघे, मग आकसे, आणि पाण्याचा घोटही उतरेनासा होई. जॅक्सन नुसते उपचार करीत बसले नाहीत. अशा डब्यांवर ‘विष’ असा शब्द छापलाच पाहिजे, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९२७ साली अमेरिकेत तसा कायदा झाला. आज आपल्या घरांत संडास धुण्याचे अ‍ॅसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतात. मूल ते तोंडाला लावते. शिक्षकांनी ही एकच गोष्ट वर्गात सांगितली तरी या भाषणाचे चीज होईल : अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा, कीटकनाशक यांना पिण्याच्या बाटलीत जागा नाही. आणि असा प्रसंग आलाच, तर मुलाला ओकायला लावू नका, कारण वर येताना ते पुन्हा भाजते. उतारा म्हणून लिंबू किंवा सोडाही देऊ नका. तडक दवाखाना गाठा आणि ती बाटली बरोबर न्या.

आता मूळ धाग्याकडे येऊ. १९३५ साली न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील अ‍ॅशर विंकेलस्टाइन यांनी पाच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पाचांच्याही अन्ननलिकेला खालच्या भागात दाह होता, आणि तो जठरातले आम्ल व पाचक रस वर आल्यामुळे झाला असावा, असे त्यांनी मांडले. फक्त पाच रोगी! पण इथून या दुखण्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचे घर मिळाले.

मग इंग्लंडातील लीड्सचे शल्यवैद्य फिलिप अ‍ॅलिसन पुढे आले. १९४६ आणि १९५१ साली त्यांनी लिहिलेल्या लेखांनी या विषयाची घडीच बसवली. जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकतो, तो एक प्रकारचा हर्नियाच. आणि मग आम्ल वर येऊन अन्ननलिका जळते, असे त्यांनी सांगितले. जठर खाली ओढून भोक शिवायचे, ही त्यांची शस्त्रक्रिया ठिकठिकाणी होऊ लागली.

त्याच काळात लंडनला नॉर्मन बॅरेट हे दुसरे शल्यवैद्य होते. जन्म ऑस्ट्रेलियातला. काही रोग्यांत अन्ननलिकेच्या खालच्या भागाला जठरासारखे अस्तर दिसे. १९५० साली बॅरेट म्हणाले, ‘ही अन्ननलिका नव्हेच, अन्ननलिका जन्मतः आखूड राहिली आणि जठर वर ओढले गेले.’ अ‍ॅलिसन आणि त्यांचे सहकारी जॉनस्टन यांनी १९५३ साली पुराव्यानिशी दाखवले की नाही, ही अन्ननलिकाच आहे, अस्तर तेवढे बदलले आहे. बॅरेट यांनी आणखी विचार केला आणि १९५७ साली ते म्हणणे मान्य केले. गंमत अशी, की त्या बदललेल्या अस्तराला आज जग ‘बॅरेटची अन्ननलिका’ म्हणून ओळखते! वर्षानुवर्षे आम्लाचा मारा सोसून अस्तराच्या पेशी आपले रूप पालटतात. अशा रोग्यांपैकी थोड्यांनाच पुढे कर्करोग होतो. पण होऊ शकतो, म्हणून डॉक्टर त्यांच्यावर ठरावीक काळाने नजर ठेवतात.

तिसरे नाव रुडॉल्फ निसेन यांचे. हे जर्मन शल्यवैद्य ज्यू वंशाचे. हिटलरच्या राज्यात १९३३ साली देश सोडून ते इस्तंबूलला गेले. तेथे १९३६ च्या सुमारास एका तरुणाच्या अन्ननलिकेचा व्रण पडलेला खालचा भाग त्यांनी काढला, आणि नवा जोड टिकावा म्हणून त्याभोवती जठराची घडी लपेटून घेतली. पुष्कळ वर्षांनी असे दिसले, की त्या माणसाला जळजळीचा त्रास मुळीच नाही. जोडाच्या रक्षणासाठी केलेली लपेट दाऱ्याचे काम करीत होती. निसेन यांनी हे ध्यानात ठेवले, आणि १९५५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे याच हेतूने ती शस्त्रक्रिया केली. आज दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न फाडता, हीच शस्त्रक्रिया होते.

आणि अ‍ॅलिसन यांचे काय झालं? माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रसंग हाच आहे. त्यांचा जगभर लौकिक झाला होता. ऑक्सफर्डला ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. पण वीस वर्षांनी त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांचा हिशोब मांडला आणि १९७३ साली तो छापला. जवळजवळ निम्म्या रोग्यांत हर्निया पुन्हा उद्भवला होता. स्वतःच्या नावाने चालणाऱ्या शस्त्रक्रियेचे अपयश स्वतःच्या हाताने लिहून जगापुढे ठेवायला मन मोठे लागते. यशाच्या बखरी लिहिणारे पुष्कळ असतात. असा जमाखर्च लिहिणारा विरळा.

त्या अपयशाचे कारणही हळूहळू उमगत होते. १९५६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फाइक, कोड आणि श्लेगेल यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा दाब मोजला, आणि तेथे एक घट्ट मिटलेला पट्टा आहे असे आकड्यांनी सिद्ध केले. १९७१ साली कोहेन आणि हॅरिस यांनी दाखवले, की त्रास होणे न होणे मुख्यतः या कड्याच्या ताकदीवर अवलंबून आहे. नुसत्या हर्नियावर नाही. १९८२ साली डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. घास गिळलेला नसतानाही हे कडे मधूनच सैल पडते, आणि तेवढ्यात आम्ल वर येते. पुढे असेही दिसले, की हर्निया अगदीच निरपराध नाही. कडे आणि श्वासपटल ही दोन्ही मिळून दाऱ्याचे काम करतात. म्हणजे आधी एकाला आरोपी केले, मग दुसऱ्याला, आणि शेवटी कळले की दोघांचाही वाटा आहे. इतिहासात असे नेहमीच घडते.

उजेडाचा प्रश्न मात्र बाकी होता. तो सुटण्यात एका भारतीयाचा हात आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनला शिकत असताना, त्यांनी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी केसाहून बारीक काचतंतूंचा जुडगा करून त्यातून चित्र वळणावळणाने पलीकडे नेता येते, हे १९५४ साली दाखवले. तो लेख बेसिल हिर्शोविट्झ या तरुण डॉक्टरच्या वाचनात आला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात त्याने दोन सहकाऱ्यांसह वाकणारी दुर्बीण तयार केली, आणि १९५७ च्या फेब्रुवारीत ती प्रथम कोणाच्या घशात घातली असेल? स्वतःच्या! मग काही दिवसांनी रोग्याच्या. कुसमाउलला तलवार गिळणारा शोधावा लागला होता; आता साधा माणूस दुर्बीण गिळू शकत होता. आज जिल्ह्याच्या गावी जी ‘दुर्बिणीची तपासणी’ होते, तिचे मूळ इथे आहे. दाह किती आहे हे सांगण्यासाठी लॉस एंजेलिस येथे १९९४ साली ठरलेल्या चार पायऱ्या आज जगभर वापरतात; तुमच्या तपासणीच्या कागदावर ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिसली तर ती त्याच पायऱ्यांची.

औषधांची गोष्ट त्यानंतरची. १९७२ साली जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्ल तयार होण्याची एक कळ बंद करणारे द्रव्य शोधल्याचे जाहीर केले. त्याच वाटेने निघालेले सिमेटिडीन हे औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये आले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्याच १९८८ साली स्वीडनमध्ये शोधलेले ओमेप्राझोल बाजारात आले. हे औषध आम्लाचा पंपच थांबवते. खोल व्रणसुद्धा त्याने भरून येऊ लागले, आणि शस्त्रक्रियेची गरज पुष्कळ कमी झाली.

पण प्रत्येक दाह आम्लाचाच नसतो. गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत चिकटून तिथेच व्रण पाडते. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्या यासाठी बदनाम आहेत. अंगातली प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसाला बुरशीचा दाह होतो. आणि १९९३-९४ साली अ‍ॅटवुड आणि स्ट्रॉमन यांनी वेगवेगळ्या ठिकाणी एक निराळाच प्रकार ओळखला. त्यात ‘इओसिनोफिल’ नावाच्या रक्तपेशी अन्ननलिकेत गोळा होतात. हा दमा-खाजेच्या जातीचा, म्हणजे वावड्याचा रोग. यात तरुण माणसाला घास अडकतो, जळजळ असेल किंवा नसेल. त्याचे उपचारही निराळे. कित्येकांना ठरावीक पदार्थ वर्ज्य करावे लागतात. २०२२ साली अमेरिकेत त्यावर डुपिलुमॅब हे टोचण्याचे औषध मंजूर झाले.

मंडळी, एवढा इतिहास ऐकल्यावर तुम्ही साहजिकच विचाराल, ‘आम्ही काय करायचं?’ तेही सांगतो, आणि यातला प्रत्येक नियम वरच्या हकीकतीतूनच निघतो.

दारे सैल असेल तर पाणी उताराकडे धावणारच. म्हणून भरल्या पोटी आडवे होऊ नका. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. वीज रात्री येते, पिकाला पाणी देऊन माणूस उशिरा घरी येतो, जेवतो आणि तसाच कलंडतो. अशा वेळी निघण्यापूर्वीच पोटभर जेवावे आणि परतल्यावर थोडेच खावे. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभराहून थोडी कमी, पंधरा-वीस सेंटीमीटर उंच करावी. दोन-तीन उशा घेतल्याने मान वाकते, पोट दबते आणि उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपावे, कारण त्या कुशीवर जठर जोडाच्या खाली राहते. पोट सुटले असेल तर वजन उतरवावे. कमरेला करकचून काही बांधू नये. तंबाखू, बिडी आणि दारू सोडावी. तिखटाने किंवा चहाने कोणाला त्रास होतो, कोणाला होत नाही. ज्याला ज्याने होतो त्याने ते टाळावे, सरसकट पथ्याचे स्तोम माजवू नये. गोळी नेहमी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी.

खाण्याचा सोडा घेतला की बरे वाटते. पण ते तात्पुरते. दुधाचेही तसेच. ओमेप्राझोलच्या जातीच्या गोळ्या जेवणापूर्वी अर्धा-एक तास घ्यायच्या असतात, आणि किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. दुकानातून पाकीट आणून वर्षभर खात राहणे बरे नव्हे. अंगदुखीच्या गोळ्या वारंवार खाल्ल्याने मूळ दुखणे बळावते, हेही ध्यानात असू द्या.

आणि आता ते वाक्य : ‘भाकरीचा घास इथं अडकतो.’ आपण ते ऐकतो आणि म्हणतो, ‘पित्त असेल.’ आधी भाकरी अडकते, मग भात, मग पेज. तोपर्यंत महिने जातात. अन्ननलिकेचा कर्करोग आपल्या देशात तंबाखू आणि दारू यांच्याशी फार जवळून जोडलेला आहे. मिश्री लावणाऱ्या आयाबायांना आपण तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाही, पण मिश्री हीही तंबाखूच. म्हणून घास अडकणे, कारणावाचून वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, किंवा गिळताना दुखणे यांपैकी एकही गोष्ट असेल तर सोडा-चूर्ण करीत बसू नये; दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. घरातली वडीलधारी माणसे आपण होऊन सांगत नाहीत. सून वाढताना पाहते, ‘सासूबाई हल्ली भाकरी दुधात कुस्करून खातात.’ तिचे हे पाहणे फार मोलाचे आहे.

दुसरी फसगत हृदयाची. छातीत दाबल्यासारखे होते, घाम फुटतो, दम लागतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते, आणि माणूस म्हणतो, ‘गॅस झाला असेल.’ अशा वेळी जळजळ समजून थांबू नये. आधी हृदयाचा विचार करावा आणि लगेच रुग्णालयात जावे. पित्त निघाले तर सुटलो म्हणावे. फेरा वाया गेला असे म्हणू नये.

श्रोतेहो, या इतिहासात मोठी नावे पुष्कळ आली. पण बारकाईने पाहाल तर प्रत्येक शोधाच्या आधी एक साधा माणूस आपले दुखणे सांगत उभा आहे. शतकानुशतके तो सांगत राहिला आणि पाहायला साधन नव्हते. आज साधन आहे. कमी पडते ते ऐकणे. उद्या तुमच्या घरी, शेजारी किंवा शाळेत कोणी छातीवर बोट ठेवून ‘इथं अडकतंय’ म्हणाले, तर त्याला हसण्यावारी नेऊ नका. किती दिवसांपासून, एवढे विचारा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.